सायकलच्या ट्यूबमधल्या दोन नळ्या

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोनाळ्याच्या माझ्या रोपवाटिकेत डोळे भरत होते. जंभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटाला चीर द्यायची, तिच्यात संत्र्याचा डोळा बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची, हे माझं हिवाळ्यातलं काम. फोनवर वहिनी होती. "शालू, गेले वं तुहे दादा…" एवढंच म्हणाली. मी हातातला डोळा बांधून पुरा केला आणि मगच उठले. लोक म्हणतील काय काळजाची बाई आहे. पण कापलेला डोळा तसाच टाकला तर सुकून जातो, आणि अर्धवट टाकलेलं काम दादाला बघवत नसे.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वडनेर भोलजीला त्याच्या घरासमोर मांडव होता. वंदना झाली, जेवणाआधी चार माणसं दोन-दोन शब्द बोलली. शेवटी प्रल्हाद उठला. प्रल्हाद म्हणजे दादाचा जुना भागीदार. खामगावात दोघांचं गाड्यांचे हौदे बांधायचं दुकान होतं, ते मोडून बरीच वर्षं झाली. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तो माइकसमोर उभा राहिला आणि गळा दाटून आल्यासारखं करत म्हणाला, "यशवंत म्हणजे माहा सख्खा भाऊच. हवेवाली गाडी आमी दोघांनं मिळून काढली. डोकं माहं अन् हात त्याचे." लोकांनी माना हलवल्या. एका म्हाताऱ्याने तर डोळे पुसले. मी पाण्याचा जग घेऊन पंगतीच्या कडेला उभी होते. तो जग त्याच्या डोक्यात घालावा असं मनापासून वाटलं. घातला नाही, कारण वहिनी समोर बसली होती. पण त्या दिवसापासून मी प्रल्हादला भाऊ म्हणणं सोडलं. आणि हेही सांगून टाकते, हा लेख मी मन हलकं करायला लिहायला घेतलेला नाही. उट्टं काढायला घेतला आहे.

उट्टं काढायची खोड आमच्या घराण्यातलीच, आणि दादा तर त्यातला मेरूमणी. एका मावसभावाने त्याचा जॅक नेला आणि वाकवून परत आणला. दादा त्याला काहीच बोलला नाही. त्या मावसभावाच्या मुलाच्या लग्नात आहेर म्हणून तोच वाकलेला जॅक चकचकीत कागदात बांधून दिला. अंगाने काटकुळा, कानावर कायम बॉलपेन, हाताला ग्रीसचा वास. हायवेला लागून त्याचं गॅरेज होतं. रागावला की आवाज चढायचा नाही, उलट खाली यायचा. जवळ जाऊन ऐकावं लागे, आणि जवळ गेलं की कळायचं की आता आपली धडगत नाही.

गाडीचं मूळ माझ्या कलमांत आहे. संत्र्याचं कलम पिशवीतून जातं, त्याच्या मुळांशी मातीचा गोळा असतो. तो गोळा फुटला की कलम वरून हिरवंगार दिसतं आणि लावल्यावर पंधरवड्यात माना टाकतं. आमच्याकडचे रस्ते काय सांगावेत… पिकअपच्या मागच्या चाकांवर लोखंडी पाटे. ते पोत्यांच्या ओझ्यासाठी बांधलेले, कलमांसारख्या हलक्या मालाला ते जराही दबत नाहीत. खड्डा आला की हौद्यातलं सगळं वीतभर उडतं. शेतकरी मेलेली कलमं घेऊन माझ्या दारात यायचे आणि म्हणायचे, बाई, तुमचा मालच खोटा. मला ते फार लागायचं. एकदा मी दादासमोर रडले. तो म्हणाला, "रडून कायले राह्यली? माल खोटा नाई, गाडी खोटी हाय. गाडी दुरुस्त करू." आणि स्वतःसाठी घेतलेली जुनी पिकअप त्याने माझ्यासाठी खोलायला घेतली.

बसला असतात तसे हवेचे रबरी फुगे पिकअपच्या मागच्या चाकांवर बसवायचे, असं त्याच्या मनात होतं. प्रल्हाद तेव्हा भागीदार होता, आणि इथेच दोघांचं फाटलं. प्रल्हादचं म्हणणं, सगळे पाटे काढून टाकू, नुसत्या फुग्यांवर गाडी उभी करू. बटण दाबलं की खाली बसली पाहिजे, पुन्हा दाबलं की उठली पाहिजे. वरातीतले डीजेवाले अशा गाडीसाठी रांग लावतील. दादा म्हणाला, "प्रल्हाद, पाटा नुसतं वजन नाई उचलत बे, धुऱ्याले जागेवर धरून ठेवते. पाटा काढला त धुरा कोण धरंन, तुहा बाप?" प्रल्हादला बापाचं लागलं. दुकान मोडायला ते निमित्त पुरलं. दादाने मग दोन्हीकडचे काही पाटे कमी केले, बाकीचे धुरा, म्हणजे दोन चाकांमधला आडवा दांडा, धरायला ठेवले आणि ओझं फुग्यांवर द्यायचं ठरवलं.

फुगे शोधायला आम्ही खामगावच्या भंगारबाजारात हमीदचाचांकडे गेलो. चाचांच्या वखारीत मोडलेल्या बसचे आतडेकोथळे मांडून ठेवलेले असायचे. दादाने एक मोठा फुगा उचलला तर चाचा हसले. "ये हत्ती की चप्पल है यशवंत. बकरी को पहनाएगा तो बकरी चलेगी क्या?" खरंच, बसचा फुगा पिकअपला लावला तर तो पाट्याइतकाच कडक राहिला असता. मग कोपऱ्यातून त्यांनी दोन वळ्यांचे, लहान तोंडाचे दोन फुगे काढून दिले. दादाने दोन्ही बाजारातच पाण्याच्या टाक्यात बुडवून पाहिले. एकातून बारीक बुडबुडा आला. तो परत केला, दुसरा मागितला, तोही बुडवून पाहिला. चाचा म्हणाले, "बेटी देली तेव्हाबी एवढं नोतं पाह्यलं माह्या जावयाले." दादा म्हणाला, "म्हणूनच त रोज भांडून राह्यला तो." दोघं इतके हसले की चहा आला तरी थांबले नाहीत.

बसवण्यात त्याचे पाच-सहा महिने गेले. चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, वेल्डिंगची आग लावायची नाही, हा त्याचा हट्ट. लोखंड तिथून पुढे कच्चं होतं म्हणे. म्हणून चासीला कंपनीने ठेवलेल्या भोकांतूनच बोल्ट घेऊन फुग्याची वरची बैठक बांधली. खालची बैठक धुऱ्यावर. फुगा फुगल्यावर टायरला घासू नये म्हणून तळहात आडवा जाईल एवढी जागा सोडली. सायलेन्सरचा पाइप जवळून जात होता, तो वळवून लांब नेला, कारण तापाने रबर तडकतं. मग नळ्या. दोन फुगे, दोन नळ्या, हौद्याच्या कडेला झाकणाआड हवा भरायची दोन वेगळी तोंडं. मी विचारलं, "एका नळीत नाही का भागत?" तो गाडीखालून म्हणाला, "इकडं ये, बस." आणि मी मातीत बसल्यावर समजावून सांगितलं. वळणावर गाडी एका अंगाला कलते, त्या अंगाचा फुगा दबतो. दोन्ही फुगे एकाच नळीला जोडले तर दबलेल्या फुग्यातली हवा पळून दुसऱ्यात जाते. म्हणजे ज्याने सावरायचं तोच खाली बसतो आणि दुसरा वरून गाडीला ढकलतो. "मंग गाडी कोलांटी खाते," तो म्हणाला. रस्त्यावरचे दगड उडून नळ्या तुटू नयेत म्हणून त्याने दोन्ही नळ्या एकत्र करून सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये घातल्या. खालून पाहणाऱ्याला एकच जाड काळी नळी दिसायची.

परीक्षा त्याने दह्याची ठेवली. गाडग्यात कोमट दूध, त्यात विरजण, आणि ते गाडगं हौद्यात अगदी मागच्या कोपऱ्यात बांधून सोनाळा ते वडनेर आणि परत. हलत्या दुधाचं दही लागत नाही हे कुठलीही बाई सांगेल. पहिल्या फेरीला ताकासारखं काहीतरी निघालं. दादाने थोडी हवा सोडली, एक पाटा आणखी काढला, पुन्हा गाडगं. असं कितीतरी दिवस चाललं. घरातलं सगळं दूध त्या गाडीने नासवलं, म्हणून वहिनी फणफणायची. शेवटी एका संध्याकाळी त्याने गाडगं माझ्यापुढे ठेवलं आणि झाकण काढलं. घट्ट, वडीसारखं दही, वर साय. आम्ही ते भाकरीबरोबर खाल्लं. त्या पावसाळ्यात माझं एकही कलम वाटेत फुटलं नाही. शेतकऱ्यांनी दादाच्या गाडीचं नावच दह्याची गाडी पाडलं.

मग त्याची मूत्रपिंडं बिघडली. दवाखाना सुरू झाला. गाडी माझ्याकडे सोनाळ्याला उभी होती. पोळ्याच्या सुमाराला प्रल्हाद माझ्याकडे आला, दादाची विचारपूस केली, चहा घेतला. मी कप ठेवायला आत गेले आणि बाहेर आले तर हा गाडीखाली पालथा-उताणा होऊन मोबाइलने फोटो काढत होता. "आठवण म्हणून घेऊन राह्यलो," म्हणाला. दसऱ्याला त्याच्या दुकानावर 'हवेवाली गाडी' असा बोर्ड लागला. मी दवाखान्यात दादाला सांगितलं तेव्हा वाटलं होतं, तो संतापेल. तो हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. "त्याले एकच नळी दिसली असंन वं. ट्यूब दिसली असंन…" मीही हसले. आम्हा दोघांना फार आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मग त्याचा आवाज खाली आला. मी जवळ गेले. "सांगजो त्याले," तो म्हणाला. "मले त्याचं तोंड पाहावत नाई, पण गाडीपुढं माणसं नाचतात. दोन नळ्या कर म्हणा."

मला ते अजिबात सांगायचं नव्हतं. तरी गेले. प्रल्हादच्या दुकानात, त्याच्या माणसांसमोर सांगितलं. तो म्हणाला, "शालूबाई, यशवंतले आता जळफळाटाशिवाय काम काय हाय? आराम करा म्हणा." मी परत आले आणि दादाला फक्त 'सांगितलं' म्हणाले. दिवाळीनंतर तो एकदाच सोनाळ्याला आला. काठी टेकत गाडीभोवती फिरला, अंगठ्याने दोन्ही फुगे दाबून पाहिले, पायपंपाने स्वतः हवा भरली. दर दोन दाबांनी थांबत होता. मी पंप मागितला तर दिला नाही. गाडी पावसाळ्यापर्यंत उभीच राहणार होती, तरी भरली. त्यानंतर तो आला नाही.

आता पुढचं ऐका. पुण्यानुमोदनानंतर थोड्याच दिवसांनी, नांदुऱ्याकडच्या एका वळणावर प्रल्हादने बनवलेली डीजेची गाडी भर वरातीत कलली. पाटे नव्हते आणि दोन फुग्यांना नळी एक. वरचे भोंग्यांचे खोके घसरून हरभऱ्यात गेले, गाडी बांधाला टेकून तिरपी अडकली. नाचणारी पोरं नेमकी पुढे होती म्हणून वाचली. कुणाला खरचटलंही नाही हे कळल्यावर मी घरात शिरा केला. ज्याला माझी ही वागणूक हलकी वाटेल त्याने खुशाल वाटून घ्यावी. मला दादाच्या फोटोसमोर तो शिरा ठेवताना जे वाटलं त्याला मी समाधान म्हणणार.

प्रल्हाद आला, दुपारी, एकटाच. शर्ट साधा होता. त्याच्या आणखी चार गाड्या रस्त्यावर होत्या आणि मालक त्याच्या दारात बसले होते. "शालूबाई, ते नळीचं जरा समजावून सांगा," म्हणाला. मी म्हटलं, "सांगायचं होतं ते सांगून झालंय. आता स्वतः पाहा." तो वाकून पाहायला लागला. "असं नाही. दादा जसा झोपायचा तसं झोपा, पाठीवर." आदल्या दिवशी मी तिथे रोपांना पाणी दिलं होतं, चिखल होता. तो झोपला. मी कलमं बांधायची माझी पात्याची सुरी त्याच्या हातात दिली आणि ट्यूब उभी चिरायला सांगितली. चिरल्यावर आतून दोन नळ्या निघाल्या.

"डोकं कोणाचं होतं?" मी विचारलं.

"…यशवंतचं."

"हात?"

"त्याचेच."

"मग तुमचं काय होतं?"

मीच सांगितलं, "तुमचा मोबाइल."

हे त्याने गाडीखाली कबूल केलं, जिथे ऐकायला फक्त मी होते. मांडवात मात्र सगळा गाव होता. म्हणून मी हे इथे लिहिते आहे. त्याच्या चारही गाड्यांना आता दोन-दोन नळ्या झाल्या आहेत, ते दादाने सांगितलं म्हणून झालं. माझ्यावर असतं तर काय केलं असतं, ते मी स्वतःलाही विचारत नाही. राग गेला का, असं वहिनीने विचारलं. नाही गेला. तो प्रल्हादसाठी होता तेवढा कमी झाला, उरलेला कुणावर काढायचा ते मला समजत नाही.

त्या दिवशी गाडीखालून निघण्याआधी प्रल्हादने हवा भरायच्या तोंडाकडे हात नेला आणि म्हणाला, "हवा थोडी सोडून पाह्यतो, फुगा बसते कसा ते कळंन." मी म्हटलं, "हात लावू नका." इतक्या जोरात म्हटलं की तो तसाच सरपटत बाहेर आला आणि चिखल झटकत राहिला. त्याला कारण विचारायचा धीर झाला नाही, आणि मीही सांगितलं नाही. गाडी आहे तिथेच उभी आहे, दिवाळीनंतर दादाने हवा भरली तशीच मागून अजून उचललेली. मी रोज सकाळी पाणी द्यायला जाते तेव्हा दादासारखाच अंगठा लावून दोन्ही फुगे दाबून पाहते. किंचित उतरले असतील, फार नाही. पावसाळ्यात कलमं लादली की हवेत भर घालावी लागेल. पण भर घालताना आतली जुनी हवा काढावी लागत नाही, हे मला माहीत आहे.