सासऱ्यांचं झाकलेलं ताट

माझ्या सासऱ्यांना मी कधीच पाहिलं नाही, पण न्यू जर्सीतल्या आमच्या घरात एक अख्खा हिवाळा ते आमच्याबरोबर जेवत होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सासूबाई पहिल्यांदाच अमेरिकेत आल्या होत्या. जेवायला बसण्याआधी त्या एका ताटात थोडं थोडं वाढायच्या, वर दुसरं ताट पालथं घालायच्या आणि ओट्याच्या कडेला ठेवून द्यायच्या. पुढच्या जेवणाला तेच शिळं त्या स्वतः खायच्या.

सासरे मालवाहू बोटीवर इंजिनखात्यात होते. माझा नवरा लहान असताना त्यांची बोट स्कॉटलंडमधल्या एका गावातून निघाली, ती पुढच्या बंदरात पोचलीच नाही. वादळ झालं होतं, एवढंच कळलं. कुणाचंच प्रेत सापडलं नाही. नातेवाइकांनी दिवस उरकून घ्यायला सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "कुणी पाहिलंय?" सासरे रत्नागिरीकडचे. भरतीच्या वेळीही खाडी पोहून जायचे. असा माणूस कुठे ना कुठे किनाऱ्याला लागणारच, असं सासूबाईंनी मनाशी धरलं होतं. त्यांचं कुंकू तसंच राहिलं आणि ताटही.

मला त्या ताटाची भीती वाटायची, आणि भीती वाटते याचा रागही यायचा. आयसेलिनच्या देशी दुकानांतून आणलेली मेथी मी दमूनभागून निवडायची आणि त्यातला वाटा न येणाऱ्या माणसासाठी काढून ठेवायचा, हे मला झेपत नव्हतं. त्यात आमची लहानगी झोपायला जाताना ओट्याकडे बघून "गुड नाइट, आजोबा" म्हणायला लागली. माझ्या अंगावर काटा यायचा. नवरा म्हणायचा, "जाऊ दे ना यार, आई सहा महिन्यांसाठी तर आलीय."

त्या स्कॉटलंडच्या गावाबद्दल मात्र सासूबाई खुलून बोलायच्या. बोट तिथे दुरुस्तीला लागायची तेव्हा सासऱ्यांना काही काम नसायचं, आणि घरी आल्यावर ते सगळं रंगवून सांगायचे. तिथे म्हणे लोक सुट्टीला येतात. कोट घालून बाकावर समुद्राकडे तोंड करून बसतात. पाण्यात लांबवर गेलेल्या लाकडी धक्क्यावर फेऱ्या मारतात. काठीने छोटा चेंडू भोकात घालतात. तळलेला मासा आणि बटाट्याचे काप व्हिनेगर ओतून खातात. तुला एकदा नेणार, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

"मला तिथे ने," एक दिवस सासूबाई मुलाला म्हणाल्या. व्हिसा, तिकीट, रजा, त्याने सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग इथला समुद्र दाखव. पाणी तेच ना?"

पाणी तेच होतं. मेच्या सुरुवातीला आम्ही जर्सीच्या किनाऱ्यावरच्या एका गावात शनिवार-रविवारसाठी गेलो. सीझन अजून सुरू व्हायचा होता. निम्म्या दुकानांची शटर्स खाली, आभाळ भरलेलं, आणि वारा असा की कान दुखायला लागले. मी मनातल्या मनात चरफडत होते. सासूबाई मात्र साडीवर माझा जाड कोट चढवून सासऱ्यांनी सांगितलेलं एकेक करून करत होत्या.

मिनी गोल्फला त्यांनी चेंडू नीट भोकात घातला आणि बाजूला होऊन उभ्या राहिल्या. "आजी, हूज टर्न इज इट नाउ?" मुलीने विचारलं. आणखी एकाचा डाव होईल एवढं थांबून त्या पुढे सरकल्या. प्रत्येक भोकाशी असंच. बाकावर त्या अगदी टोकाला बसल्या. एक म्हातारे गृहस्थ शेजारी बसायला आले, तर सासूबाईंनी रिकाम्या जागेवर हात ठेवला. "समवन्स सिटिंग देअर," मुलीने त्यांना सांगितलं. गृहस्थांनी त्या जागेकडे बघितलं, टोपीला हात लावला आणि निघून गेले. मी तिकडे बघायचं टाळलं. माशाच्या दुकानात आम्हा चौघांत पाच प्लेटी आल्या.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी त्या म्हणाल्या, "जरा पाण्यात पाय घालते."

त्यांना समुद्र माहीत होता तो कोकणातला, कोमट. लाट पायांवरून गेली आणि त्या दचकल्या. मीही पाय घातला होता, हाडं ठणकायला लागली म्हणून मागे पळाले. त्या हलल्या नाहीत. उलट आणखी आत गेल्या, पोटऱ्या बुडेपर्यंत. त्यांचे ओठ निळे पडायला लागले तेव्हा नवऱ्याने जाऊन दंडाला धरलं.

"तिथलं पाणी असंच असतं?" त्यांनी विचारलं.

"आई, चल बाहेर."

"असंच असतं?"

"याहून थंड," तो म्हणाला. "ते गाव खूप उत्तरेला आहे."

त्या समोर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, समुद्र सगळीकडे आपल्यासारखाच असणार. यात कसला पोहणार माणूस?"

नवऱ्याने त्यांचा दंड सोडला नाही. त्याला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

गाडीत हीटर लावून मी त्यांचे पाय चोळले. जेवायला पुन्हा त्याच दुकानात थांबलो, आणि नवऱ्याने काही न ठरवता पाच प्लेटी सांगितल्या. मुलीने पाचवी रिकाम्या खुर्चीसमोर सरकवली. सासूबाईंनी ती उचलून टेबलाच्या मधोमध ठेवली, तिच्यावर व्हिनेगर ओतलं आणि माशाचा तुकडा मोडला. ज्या ताटावर मी महिनोन्महिने चिडत होते, ते त्यांनी पुन्हा झाकून ठेवावं असं मला फार वाटलं.

"आजी, दॅट्स आजोबाज," मुलगी म्हणाली.

"ते नाही येत आता, बाळा," त्या म्हणाल्या आणि तो तुकडा त्यांनी तिच्या प्लेटीत ठेवला. "तू खा, गरम आहे तोवर."