आरशातला तारा आणि माझी आई

मंडळी, आज दुपारी विद्यापीठात आमच्या जुन्या मानसशास्त्र विभागात गेले होते. व्हरांड्यात भंगार काढून ठेवलं होतं. त्यात ते उपकरण दिसलं. लाकडी पाटी आणि पुढे उभा आरसा. कागदावरचा तारा नुसता आरशात बघून गिरवायचा, आणि आरशात सगळं उलटं दिसायचं.

सत्तरच्या दशकात आम्हा एम.ए.च्या अख्ख्या वर्गाला ते एकच होतं. ज्याच्यावर प्रयोग करायचा तो प्रयोज्य, आणि तो ज्याचा त्याने बाहेरून आणायचा. मी आईला नेलं. ती गांधीबागेत कापडाच्या दुकानात झाडझूड करायची. शाळेत कधी गेलेली नव्हती.

"मले पेन्सिल धरता येत नाही वं," ती म्हणाली. मी तिच्या बोटांत पेन्सिल धरवली. रेघ भलतीकडेच गेली. ती ओशाळली.

सर म्हणाले, "बाई, इथे सगळ्यांचाच हात चुकतो. माझाही चुकला होता."

घरी जाताना तिने विचारलं, "शिकलेल्यायचाही हात असाच चुकते?" मी हो म्हटलं. मग ती वाटभर स्वतःशीच हसत होती.

आज मी तो आरसा मागितला. बाबू म्हणाला, "मॅडम, लिलाव होऊन गेला न. आता नाही देता येत."

आई जाऊन बरीच वर्षं झाली. प्रयोगाच्या अहवालात प्रयोज्याचं नाव लिहायचं नसतं, तसा नियमच आहे. मी लिहिलं होतं, 'स्त्री, निरक्षर.' विद्यापीठात तिची तेवढीच नोंद.

तुमच्या प्रयोगाला कोण बसलं होतं? नावं लिहा इथे. माझ्या आईचं नाव कौसल्या.