खंडेनवमीला बदललेली नळी

माझ्या पोलिसातल्या नोकरीतले बहुतेक गुन्हे आता आठवणीत एकमेकांत मिसळले आहेत. हा तेवढा वेगळा राहिला, कारण त्यातली चोरीची वस्तू मी कधी पाहिलीच नाही.

कोल्हापूरजवळ विमान चालवायला शिकवणारी एक संस्था होती. तिची दोन छोटी विमाने भाड्याची. भाडेकरू घर सोडताना घरमालक नळ आणि भिंती बघतो, तसा करार संपताना मालक कंपनीचा तपासनीस विमान आणि देखभालीचे कागद बघतो. कागद निर्दोष होते. इतके निर्दोष, की तपासनिसाला संशय आला आणि त्याने इंजिनाचे झाकण उघडले. इंधनाची जी नळी बदलल्याची नोंद होती ती जुनीच, तडे गेलेली, जागेवर होती. तिच्या भरवशावर विशीतली मुले रोज उडत होती.

संस्थेच्या व्यवस्थापकाने फिर्याद दिली: नवी नळी चोरीला गेली, संशय तंत्रज्ञावर. काम झाल्याच्या कागदावर सही त्याचीच होती. माणूस जवळच्याच गडमुडशिंगीचा, पन्नाशीचा. अटक झाली असती तर परवाना गेला असता आणि त्यानंतर विमानाला हात लावायची सोय उरली नसती. व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये सुरक्षिततेची प्रमाणपत्रे फ्रेम करून भिंतभर लावली होती. एवढ्या फ्रेमा मी एरवी फक्त दंतवैद्याकडे पाहिल्या आहेत.

दोन दिवसांनी ठाण्यात निनावी फोन आला. "नळी चोरीला गेलीच न्हाय, सायेब. ती आलीच न्हाय." एवढे बोलून फोन बंद.

तंत्रज्ञाला चौकशीला बोलावले.

"सही कुणाची?"

"माझी."

"नळी विकली?"

"न्हाय."

"मग बदलली का?"

गप्प. तासभर हेच चालले. चोर सहसा इतका गप्प बसत नाही. त्याच्याकडे गोष्ट तयार असते. हा माणूस काहीतरी वेगळेच लपवत होता.

शेजारी आमचे हवालदार तो कागद वाचत होते. तारखेवर बोट ठेवून ते म्हणाले, "सायेब, दुसऱ्या दिवशी दसऱ्याचा, दसरा चौकात आपला बंदोबस्त हुता. म्हंजे ही खंडेनवमी." मग तंत्रज्ञाकडे वळून, "काय हो पावणं, खंडेनवमीला पाना चालवला व्हय?"

तासभर चोरीचा आरोप मुकाट ऐकणारा तो माणूस ताडकन उभा राहिला. "काय बोलताय! त्या दिवशी हत्याराची पूजा असती. हात लावीन व्हय मी? माझ्या बापानं फाउंड्रीत कधी लावला न्हाय!"

मग सगळे बाहेर आले. व्यवस्थापक त्याच्याकडून कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन ठेवायचा. काम झाले की भरू, असे सांगायचा. हे कबूल केले तर परवाना जाणार, म्हणून तंत्रज्ञ गप्प होता. नळी मागवलीच नव्हती. तपासनीस येणार हे कळल्यावर व्यवस्थापकाने संगणकावर दिवस मोजून तारखा टाकल्या होत्या. पंचांग काही संगणकाने दाखवले नसावे.

तंत्रज्ञाला घेऊन आम्ही संस्थेत गेलो.

"काम पूजेआधी झालं असेल," व्यवस्थापक म्हणाला.

तंत्रज्ञाने हत्यारांची वही काढून दिली. विमानात पाना विसरला तर जीव जातो, म्हणून हत्यारे रोज मोजून देतात आणि मोजून घेतात. त्या वहीप्रमाणे आदल्या संध्याकाळपासून दसऱ्यापर्यंत हत्यारांचे कपाट कुलूपबंद होते. खाली सही व्यवस्थापकाची. त्या बंद कपाटाच्या पूजेला फेटा बांधून त्याने सुरक्षिततेवर वीस मिनिटे भाषणही केले होते.

"मग नळी दातानं बदलली का?" हवालदारांनी विचारले. व्यवस्थापकाने पाणी मागितले.

वही जप्त करायची म्हणून हवालदारांनी पिशवीतून पंचनाम्याचा कागद काढला. खाली दोन पंचांच्या सह्या होत्या, वरचा भाग कोरा. वेळ वाचावा म्हणून आमच्याकडे असे कागद तयार असत. मला ते माहीत होते.

तंत्रज्ञाने तो कागद पाहिला. "सायेब, ह्ये पंच येऊन गेलं, का येणार हायत?"

हवालदार खोकले. कोऱ्या कागदावरच्या सहीचा गुन्हा मी कोऱ्या कागदावरच्या सहीनेच सिद्ध करायला निघालो होतो. मी कागद फाडला आणि कॅन्टीनमधून दोन माणसे बोलावून घेतली.

पुढे कोर्टात बचावाच्या वकिलाने त्या दोघांना तासभर पिळले: कपाट कुठे होते, वही कुणी काढली. दोघांनी नीट सांगितले, कारण दोघे तिथे होते. व्यवस्थापकाला शिक्षा झाली. तंत्रज्ञावरचा चोरीचा आळ गेला. कोऱ्या सह्यांसाठी त्याचा परवाना मात्र वर्षभर निलंबित झाला. त्याने त्यावर अपील केले नाही. "सही माझीच हुती की," एवढेच म्हणाला.

त्या पंचनाम्याच्या दुसऱ्या दिवशी मी ठाण्यातले कप्पे उघडायला लावले. सह्या केलेले अकरा कोरे पंचनामे निघाले. मी कुणालाच जाब विचारला नाही. विचारला असता तर सुरुवात माझ्यापासून करावी लागली असती.