दोन गावचे काळे तीळ

नवसाबाई भोयेंना वाचता येत नाही, हे दुकानात सगळ्यांना माहीत होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. पेठ रोडवरच्या गोदामात त्यांनी तीस वर्षं धान्य निवडलं, चाळलं, पुड्या बांधल्या. पोत्यात हात घालायचा, मूठभर दाणे अंगठ्यानं चोळायचे आणि सांगून मोकळं व्हायचं: तांदूळ घोटीकडचा, पण गेल्या सालचा, नागली सुरगाण्याची, हिला ऊन कमी लागलंय. एका व्यापाऱ्यानं जुन्या तांदळात नवा मिसळून पाठवला, तेव्हा बाईंनी पहिलंच पोतं सोडून टेम्पो आल्या पावली परत पाठवला होता. मालक दीपकशेठ तेव्हा जेवायला घरी गेले होते. परत आल्यावर त्यांनी फक्त विचारलं, "कितपत होता?" बाई म्हणाल्या, "पायलीला मूठभर."

बाई मूळच्या पेठच्या डोंगरातल्या. द्राक्षांच्या हंगामाला नवऱ्याबरोबर मजुरीला आल्या, नवरा इथंच तापानं गेला आणि त्या परत गेल्याच नाहीत. गावाचं म्हणून त्यांच्याकडे काय उरलं होतं, तर बोलण्यातला हेल आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्यांची, चटणी. भाद्रपद-आश्विनात खुरासणी फुलली की डोंगर कसे पिवळे दिसतात, हे गोदामातल्या प्रत्येकाला त्यांनी निदान दहा वेळा ऐकवलं असेल.

शेठची दुकानं चार: पंचवटी, घोटी, सिन्नर आणि मालेगाव. चार वेगवेगळ्या साली उघडलेली, म्हणून चार तऱ्हांचे कॉम्प्युटर, आणि एकाची भाषा दुसऱ्याला कळेल तर शपथ. आषाढीच्या आदल्या दिवशी पंचवटीत भगर संपली आणि गिऱ्हाइकं हात हलवत परत गेली. त्याच दिवशी मालेगावच्या दुकानात सहा पोती पडून होती, पण तिथं तिचं नाव मोरधन. घोटीत तीच वरई. ही गोष्ट कळली तेव्हा शेठची मुलगी निकिता पुण्यातली नोकरी सोडून नुकतीच घरी आली होती. तिनं सगळं एकाच ठिकाणी, इंटरनेटवर, क्लाउडमध्ये आणायचं मनावर घेतलं.

पोरगी हुशार आणि धीराची. एकदम सगळं बदलायला निघाली नाही. आधी फक्त माल, तो नीट बसला की विक्री, मग गिऱ्हाइकं, असा एकेक कप्पा जोडत जायचं, एखादा कप्पा बिघडला तर तेवढाच बाजूला काढायचा. दुकानातल्या माणसांनी 'क्लाउड' हा शब्द आठवडाभर चघळला आणि मग सोडून दिला. ते नुसतं 'वर' म्हणू लागले. "वर बघून सांगतो." "वर चाळीस किलो दाखवतंय." सिन्नरचं दुकान सांभाळणारा सुनील तर भाव विचारला तरी आधी छताकडे बघायचा.

पण भगर आणि मोरधन एकच, हे त्या वरच्याला कोण सांगणार? चारशे बारा नावं अशी अडलेली होती. निकितानं वडिलांना विचारलं, आणि शेठनी गोदामाकडे बोट दाखवलं.

अशा रीतीनं नवसाबाईंना खुर्ची मिळाली. ऑफिसात, पंख्याखाली. समोर वाट्यांत नमुने मांडलेले, आणि लॅपटॉप घेऊन बसलेली निकिता. ती नाव वाचायची आणि विचारायची, "मावशी, एकच ना?" बाई वाटीत बोटं घालायच्या, चोळायच्या, कधी दाणा दाताखाली धरायच्या आणि मग बोलायच्या. चहा जागेवर यायचा. जन्मात पहिल्यांदा बसून काम, तेही मालकाच्या लेकीशेजारी. बाई सुखावल्या, आणि त्यात काही चुकलं असं मला तरी वाटत नाही. फक्त शेवटच्या दिवशी बाईंना पाचची बस गाठायची होती, आठदहा नावं उरली होती आणि त्यांचे नमुने आलेले नव्हते.

"काळे तीळ घोटी, काळे तीळ पंचवटी," निकितानं वाचलं. "एकच ना, मावशी?"

"तीळ तर तीळ. त्यात काय बघायचं? एकच," बाई म्हणाल्या आणि पिशवी उचलली.

महिन्याभरानं पितृपक्ष लागला. रामकुंडावर बाहेरगावचे लोक आईबापांचं श्राद्ध करायला येऊ लागले आणि पंचवटीच्या दुकानातले काळे तीळ दोन दिवसांत संपत आले. वर बघितलं, तर घोटीत साठ किलो. पूर्वी घोटीचा माल आधी गोदामात यायचा, बाईंच्या हाताखालून जायचा. आता तो वळसा वाचवायची सोय झाली होती. घोटीतच लहान पुड्या बांधल्या गेल्या आणि सकाळच्या टेम्पोनं थेट पंचवटीत उतरल्या.

दुपारी रामकुंडावर श्राद्धं सांगणारे रंगनाथगुरुजी दुकानात आले. त्यांनी आवाज चढवला नाही. सात फोडलेल्या पुड्या काचेवर ठेवल्या आणि म्हणाले, "दीपकशेठ, ही खुरासणी आहे. एका माणसाच्या ओंजळीत पाणी सोडल्यावर माझ्या लक्षात आलं. त्याचा बाप महिन्यापूर्वी गेलाय. माझ्या डब्यातले तीळ दिले मी, पण तो मला विचारत होता, आता चालेल ना म्हणून."

शेठ मऊ माणूस, पण त्या दिवशी ते पेटले. घोटीला फोन गेला. तिथलं दुकान सांभाळणारे सहादू धोंगडे इतकंच म्हणाले, "शेठ, इकडं आसपास समदे तिलाच काळे तीळ म्हणत्यात. म्या तेच लिवलं." शेठना ते पटलं नाही. निकितानं चूक स्वतःवर घ्यायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "तू जोडलंस, पण मुळात खोटं नाव टाकलं कुणी?" सोमवारपासून घोटीत दुसरा माणूस आणि सहादूंना सिन्नरच्या गोदामात चढउताराचं काम, असं ठरलं. सहादूंचं वय अठ्ठावन्न. बायकोला अर्धांगवायू झालेला. रोज दुपारी दुकानामागच्या घरी जाऊन ते तिला भरवायचे. सिन्नरला गेल्यावर तिला कोण भरवणार होतं?

उरलेल्या पुड्या गोदामात परत आल्या. बाईंनी एक पुडी फोडली, हात घातला आणि तिथंच खाली बसल्या. बघायचीही गरज नव्हती, वास पुरे होता. ज्या पिकाचं कौतुक तीस वर्षं सांगितलं, ते त्यांनी नुसतं नाव ऐकून दुसऱ्याच्या खात्यात ढकललं होतं. चारशे बारा नावांतलं कुठलं कधी विचारलं, हे निकिताला आठवत नव्हतं. आठवत होतं ते एकट्या बाईंना. त्या बोलल्या नसत्या तर कुणालाही कळलं नसतं, आणि खुर्चीही राहिली असती. खरं सांगायचं तर दोन दिवस त्या बोलल्या नाहीतच. शनिवारी सकाळी मात्र त्या पंचवटीच्या दुकानात गेल्या आणि शेठसमोर काचेवर दोन मुठी ओतल्या, एक तिळांची, एक खुरासणीची.

"शेठ, डोळं मिटून हात लावा."

शेठनी लावला. "हा चपटा लागतो. हा लांबट आहे, गुळगुळीत."

"तुमाला कळलं. मलाबी कळलं असतं. पण म्या हात लावलाच नाय. ताईनं इचारलं, मला बशीची घाई. सहादूभाऊ खोटं नाय बोलले, त्यांच्या गावाला ते नाव हाय. दोन येगळ्या जिनसा एक हायेत, हे म्या सांगितलं. धाडायचं तर मला धाडा सिन्नरला."

शेठ बराच वेळ दोन्ही ढीग बोटानं सारखे करत बसले. मग म्हणाले, "सहादू घोटीतच राहील. पण नावं सांगायचं तुमचं काम आजपासून बंद, बाई." बाईंनी मान हलवली आणि पेठ रोडला येऊन चाळणी हातात घेतली. रडू आलं ते चाळणीमागे लपलं. त्याच दुपारी त्यांनी सहादूंना फोन करून सगळं सांगितलं. मग सहादू म्हणाले, "जेवलात का?"

दिवाळीनंतर विक्रीचा कप्पा जोडायची वेळ आली आणि निकिताचं घोडं पुन्हा अडलं. मालेगाव आणि सिन्नरकडून नव्या जिनसांची नावं आली होती. तिनं वडिलांना काय सांगितलं ते ठाऊक नाही, पण एके दिवशी ती लॅपटॉप घेऊन गोदामात आली आणि बाईंच्या शेजारी गोणपाटावर बसली. नवा नियम तिनंच केला होता: प्रत्येक दुकानातून मूठभर नमुना आल्याशिवाय कुठलीही दोन नावं जोडायची नाहीत.

पहिली पुडी घोटीची होती. वर सहादूंच्या हातची चिठ्ठी. निकितानं ती वाचून दाखवली: "आमच्याकडे काळे तीळ म्हणतात. खरं नाव काय ते नवसाबाई सांगतील."

बाईंनी पुडी सोडली. आत काय आहे ते वासावरूनच कळलं होतं, तरी त्यांनी हात घातला, दाणे चोळले, एक दाताखाली धरला. निकिता बोटं कळफलकावर ठेवून थांबली होती. बाईंनी तिला थांबू दिलं.

"खुरासणी," त्या शेवटी म्हणाल्या. "पण ताई, घोटीचं नाव पुसू नको. खाली ऱ्हाऊ दे. तिकडची बाई दुकानात येईल, ती काळे तीळच मागंल."

निकितानं एका नावाखाली दुसऱ्या नावाची जागा केली, दोन्ही लिहिली आणि पुढची पुडी त्यांच्याकडे सरकवली.