झोपमोडीचा अर्ज

मला झोप येत नाही, हे आमच्या गावात एका माणसाने मानलं नाही. एकानेही नाही. आता माझी जी फजिती झाली ती मीच सांगते, कारण दुसरे सांगतात तेव्हा वरून मीठमसाला टाकतात, आणि या किश्शाला मसाल्याची गरज नाही. चहा घ्या आणि ऐका. मध्ये बोलायचं नाही.

तर दोन वर्षं माझ्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. अख्खी रात्र टक्क जागी. सकाळी डोकं इतकं जड, जसं कोणी ओल्या कापसाचं गाठोडं ठेवलं आहे. मी आमच्या घरच्यांना, म्हणजे नवऱ्याला, सांगायची, "आजही झोप नाही लागली."

ते म्हणायचे, "मंग घोरत कोण होतं?"

आता तुम्हीच सांगा, जागा माणूस घोरतो का? एवढी साधी गोष्ट त्यांना कळेना. मी चौथी शिकलेली, ते दहावी.

लेक पिंकी सुट्टीत आली. तिने काय करावं? मोबाईलमध्ये आवाज भरून मला ऐकवला. विहिरीवरचं डिझेल इंजिन बंद पडता पडता पुन्हा सुरू व्हावं, तसा आवाज.

"आई, हे तू आहेस."

मी म्हटलं, "पोरी, आजकाल मोबाईलमध्ये काहीही बनवतात. मेलेल्या माणसालेही बोलवतात. मले घोरवणं काय अवघड हाय?"

पिंकीने कपाळाला हात लावला. ती सवय तिने बापाकडून घेतली आहे.

दिवसा माझे हाल वेगळेच. दोनदा तुरीची डाळ करपली. दोष गॅसचा. बचत गटाच्या बैठकीत मी डोळे मिटून ऐकत होते, तर बायांनी उगाच हलवून उठवलं. दोष बायांचा. घाटंजीच्या बाजाराला निघाले, तर बस घाटंजी सोडून तीन गावं पुढे गेली तेव्हा मला कळलं. झोपले नव्हते, लक्ष नव्हतं. कंडक्टरशी अशी भांडले की त्याने मला खाली उतरून परतीच्या गाडीत स्वतः बसवून दिलं. दोष कंडक्टरचा. आवाज द्यायला नको?

पण खरा चोर मला माहीत होता. माझी झोप भिंतीपलीकडून चोरीला जात होती.

आमच्या आणि सुमनच्या घरामध्ये एकच भिंत. सुमन एकटी राहते. नवरा कधीचाच गेला, लेक नेरला दिलेली. माझ्या पिंकीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा घरचे गावाला गेलेले, बैलगाडी जुंपून मला दवाखान्यात नेलं ते सुमननेच. कापूस वेचायला गेलो की तिची ओळ माझ्या ओळीच्या बाजूला. आणि रोज संध्याकाळी माझ्या दुधाला विरजण तिच्या घरचं. माझं स्वतःचं दही आंबट होतं, का ते विचारू नका, घरचे म्हणतात हात लागल्यामुळे.

तर मी बिछान्यावर जागी पडलेली असायची आणि कानात घोरणं यायचं. मोठं, जवळचं. मी डोळे उघडले की बंद. पुन्हा थोड्या वेळाने सुरू. पुन्हा डोळे उघडले की बंद. मी विचार केला, ही बाई किती लबाड. माझी चाहूल घेते. मी जागी झाले की गप्प बसते.

शेवटी भिंतीवर वरवंटा आपटला. पलीकडून लगेच आवाज आला, "काय झालं वं वच्छे?"

बघा. लगेच. म्हणजे जागीच होती. म्हणजे मुद्दाम करते.

सकाळी मी तिला म्हटलं, "सुमन, खाट त्या कोपऱ्यात हलव. तुह्या घोरण्यानं माह्या डोक्याचा भुगा झाला."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "म्या घोरतो?"

"मंग काय म्या?"

ती काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलं, मिटलं आणि घरात गेली. त्या संध्याकाळी विरजण आलं नाही. मला वाटलं, चोर सापडला की असाच गप्प होतो.

मग मी तंटामुक्ती समितीला अर्ज दिला. स्वतःच्या हाताने लिहिला. अर्जदार वच्छला देवराव भगत. गैरअर्जदार सुमनबाई. विषय, झोपमोड. गैरअर्जदाराने खाट हलवावी नाहीतर घर हलवावे. घरच्यांनी वाचून दाखवायला सांगितलं. ऐकून म्हणाले, "पिंकीची माय, देऊ नोको." मी दिला. मला कोणी नको म्हटलं की माझा पाय आपोआप पुढे पडतो.

समिती दुपारी समाजमंदिरात बसली. अध्यक्ष किसनभाऊ. मोठे शांत गृहस्थ आहेत, पण एकदा बोलायला लागले की पंखासुद्धा कंटाळून फिरतो. पाच-सहा माणसं, तेवढ्याच बाया. मी अर्ज खणखणीत वाचला आणि खुर्चीत बसले.

सुमनला विचारलं, तुझं काय म्हणणं? ती म्हणाली, "माह्यं काही म्हणणं नाही भाऊ. म्या थैली भरली हाय. नेरले लेकीकडं चालली. घराले कुलूप लावतो. वच्छला सुखानं झोपो."

मला खाट हलवून पाहिजे होती, बाई नाही. पण आता सगळ्यांसमोर मागे कसं फिरायचं? मी मान ताठ ठेवली.

किसनभाऊंनी शेजारधर्मावर बोलायला सुरुवात केली. शेजारधर्मावरून ते एकीवर गेले, एकीवरून गावाच्या इतिहासावर. मी नीट ऐकता यावं म्हणून डोळे मिटले.

आणि तेवढ्यात तोच आवाज. मोठा, जवळचा. डिझेल इंजिन.

मी ताडकन उभी राहिले. "ऐकलं ना? आता तरी ऐकलं ना साऱ्यांनी? बसल्या बसल्या घोरून राह्यली, तुमच्यासमोर. आता सांगा कोण खोटं!"

किसनभाऊंचं भाषण थांबलेलं. माणसं खाली पाहत होती, बायांनी पदर तोंडात कोंबलेले. मी सुमनची खुर्ची पाहिली. रिकामी.

सुमन माझ्यापुढे उभी होती. हातात चहाचा ट्रे. आमच्या गावात आरोपी बाई असली तरी चहा तिनेच वाटायचा असतो.

"घे वं," ती हळूच म्हणाली. "थंडा होऊन राह्यला. कधीची उभी हाय म्या, तू उठशील म्हून."

घरचे मागच्या रांगेतून म्हणाले, "वच्छला, अर्धा तास झाला."

मी ग्लास घेतला. दुसरं काय करणार? मग किसनभाऊंनी सुमनला विचारलं, "बाई, भिंत तर एकच हाय. तुले आवाज येत नव्हता?"

सुमनने कानात बोट घातलं आणि कापसाचा बोळा काढला. मग दुसऱ्या कानातून दुसरा. "पहिल्या वेच्याचा मऊ कापूस दरसाल बाजूले ठेवून राह्यली भाऊ. पण कापसानं किती थांबते? आता दिवसाही काढाचं ध्यानात राहत नाही. बारा वर्सं झाली. कोणाले सांगतलं का म्या?"

ट्रे खाली ठेवून ती थैली घेऊन निघाली. मी सांगते, त्या दिवशी कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

पिंकीने मला यवतमाळच्या डॉक्टरकडे नेलं. डोक्याला, छातीला वायरी लावून एक रात्र झोपवलं. सकाळी मी डॉक्टरला म्हटलं, "झोप लागलीच नाही, तुमच्या वायरी फुकट गेल्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागद पुढे केला. मी रात्रभर झोपले होते, पण तुकड्या तुकड्यात.

डॉक्टर आपल्याकडचेच होते, म्हणून मला समजेल असं सांगितलं. "बाई, शेतात डुकरं येतात म्हणून माणूस जागल करतो ना? तसा तुमचा मेंदू रातभर जागल करतो. झोपेत घसा मिटतो, श्वास अडकतो. मेंदू घाबरतो, तुम्हाला हलवून उठवतो. त्या वेळी घोरण्याचा शेवट तुमच्या कानावर पडतो. मग पुन्हा झोप. सकाळी आठवतं ते जागं असलेलं. झोपलेलं कोणाला आठवतं?"

मी मान हलवली, हो म्हणून. ही गोष्ट पिंकीने नोंदवून ठेवली आहे.

"मेंदूला पुरती झोप मिळत नाही, म्हणून डोकं जड, विसर पडतो, दिवसा डुलक्या लागतात. राग लवकर येतो का?"

घरच्यांनी छताकडे पाहिलं. "साहेब, तो आजार दुसरा हाय. तो लग्नापासून हाय."

नाकावर लावायचं एक मशीन दिलं. लावलं की मी हत्तीसारखी दिसते. पण महिन्याभरात डोक्यावरचं गाठोडं उतरलं. डाळ करपेना. डोकं हलकं झालं आणि मग त्यात एकच गोष्ट फिरायला लागली, भिंतीपलीकडचं कुलूप.

माफी मागायची मला सवय नाही. म्हणून मी रिकामी वाटी घेतली आणि बसमध्ये बसले. घाटंजी, यवतमाळ, नेर. सगळे थांबे मोजले, एकही चुकला नाही. सुमनच्या लेकीच्या दारात उभी राहिले.

सुमनने वाटीकडे पाहिलं. "कायले आली?"

"विरजण पाह्यजे."

"नेरमधून?"

"गावात चांगलं भेटत नाही."

तिने माझ्या हातातली वाटी घेतली. मग म्हणाली, "पिंकीनं फोनवर सांगतलं. आता घोरत नाही म्हणते तू?"

"मशीन हाय."

"मंग म्या तिकडं येऊन झोपू कशी वं? इथं दीड-दोन महिने झाले, त्या आवाजाबिगर डोळाच लागत नाही माह्या."

तिने थैली भरली. परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली आणि घोरली. हो, थोडी घोरते तीही. पण मी आता कोणाकडे अर्ज करणार नाही.

दुसऱ्या दिवशी किसनभाऊ रजिस्टर घेऊन आले. "वैनी, तंटा मिटला असं लिवाचं तर गैरअर्जदाराचं नाव बरोबर पाह्यजे. सुमनबाईचं खोडू?"

"खोडा."

"मंग कोणाचं लिवू?"

घरचे छताकडे पाहू लागले. सुमन विरजणाच्या वाटीत पाहू लागली. मी किसनभाऊंच्या हातून पेन घेतला. अर्जदाराच्या रकान्यात माझं नाव आधीच होतं. समोरच्या रकान्यात, झोप कोण मोडतं ते लिहायच्या जागी, मी चौथीतल्या अक्षरात, शिरोरेघ नीट ओढून लिहिलं: वच्छला देवराव भगत.