भांडायला आणलेला गणपती

१० जून. घासकामाला बाई मिळाली नाही, म्हणून पॉलिश पेपर घेऊन मीच बसले आहे. आमच्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यात हे काम रोह्याची एक बाई करायची. आता ती धाटावला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये लागली. मूर्तीची हनुवटी चिमटीत धरून ती दटावायची, "गप बस रे, हलू नको." पोरीच्या वेण्या घालतानाही हेच बोलत असणार.

ती पोर गेल्या वर्षी तापाने गेली. सहा वर्षांची होती.

सुतकातच ती रोह्याहून कामावर आली. कारागीर कुजबुजले, सुतकात देवाला हात लावते? ती म्हणाली, "देव कुठं हाय? माती हाय ती अजून. डोळे आखले की मग देव." आणि डोळे आखलेल्या मूर्तींकडे पाठ करून बसली.

एक गिऱ्हाईक बाई गोड आवाजात तिला म्हणाली, "गुणी लेकरं देवाला आवडतात गो."

"मंग तुमची का नाय आवडली?"

बाई मूर्ती न घेताच गेली. मी थांबवलं नाही. असल्या सांत्वनाची मलाही चीड येते.

चतुर्थी जवळ आली तशी तिने घरासाठी मूर्ती मागितली.

"अगं, तुमच्याकडे यंदा सण नाही ना?"

"म्हातारा सासरा तेच बोलतो. पण ताई, ज्या वर्षी जाब विचारायचा, त्याच वर्षी तो घरात नको? मी काय भिंतीला विचारू?"

"आणि बोललाच नाही तर?"

"दीड दिवस समोर तर बसंल. उठून कुठं जातोय?"

पोर गेल्यापासून पुढच्या दिवसांबद्दल ती पहिल्यांदाच काही बोलत होती. मी मूर्ती बाजूला काढली.

त्याच संध्याकाळी तिच्या सासऱ्यांचा रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातून फोन आला. "तिला मूर्ती देऊ नका. पोर गेली आणि हिला सण सुचतोय, लोक थुंकतील आमच्यावर."

माझं डोकं फिरलं. "काका, ती नाचायला नाही, भांडायला नेतेय. लोकांना म्हणावं, नात आमची गेली, तुमची नाही." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकून मी ती टेम्पोत तिच्या मांडीवर दिली आणि शेजारी बसले. अष्टमी गावात पोचलो तर सासरे दारात आडवे उभे होते.

"काका, पाट कुठं मांडलाय?"

 मग मीच त्यांच्या बाजूने आत गेले, फळीवरचा पाट काढला, पुसला आणि मांडला.