बाबांच्या लेन्समधलं तेल

माझ्या थोरल्या भावाला नसती उठाठेव करायचा रोगच आहे. दार करकरलं की तेल, पंखा कुरकुरला की तेल. बाळापूरला त्याचा फोटो स्टुडिओ आहे. तिथं तो लोकांचे जुने धुरकट फोटोही कॉम्प्युटरवर 'साफ' करून देतो.

आमचे बाबा लग्नांचे फोटो काढायचे. ते गेल्यावर त्यांची एक जुनी लेन्स मी मागून घेतली आणि ॲडॉप्टर लावून माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवली. भाऊ हसला. "एवढा भारी कॅमेरा अन् त्याला म्हाताऱ्याचा डोळा काहून लावून राहिलास?"

त्याला काय कळणार? ती रिंग हातानं फिरवत फोकस करावा लागतो. आधी नाक, मग पापणी, मग डोळा स्पष्ट होतो. तेवढा वेळ समोरच्या माणसाकडं नीट बघावंच लागतं. भावाला ती सवयच नाही.

आई फोटोला बसायची नाही. भावानं एकदा गुपचूप काढलेला तिचा फोटो तिनं पाहिला होता आणि चिडली होती. "माह्या सुरकुत्या मोजायच्या हायेत का तुला? तुमचे बाबा काढायचे तसा काढा, मंग बसते. अन् मी गेल्यावर तोच लावा." मला आयुष्यात तेवढा एक फोटो काढायचा होता.

दिवाळीला कळमनुरीच्या घरी गेलो. लेन्स पलंगावर ठेवून अंघोळीला गेलो आणि येऊन बघतो तर भाऊ शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन बसलेला.

"जाम झाली होती. आता बघ, कशी गरगर फिरून राहिली!"

फिरत होती खरी. पण दुसऱ्या दिवसापर्यंत तेल आत उतरलं. उजेड कमी-जास्त करणारी आतली पाती चिकटून उघडी ती उघडीच राहिली, काचेवर तवंग आला. मी त्याला नको नको ते बोललो. त्यातला एकही शब्द मी आजवर मागे घेतलेला नाही.

यानं काय नासवलं ते त्याच्या तोंडावर मारावं म्हणून, रागारागातच, मी आईला ओट्यावर बसवलं. फोटो धूसर आला. कडा उजळलेल्या, कातडी मऊ, आणि त्यात तिचे हसरे डोळे. आईनं कॅमेरा जवळ धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

"हे बराबर. तुमच्या बाबांच्या हातचा वाटतो."

"माझ्या तेलाची कमाल," भाऊ लगेच म्हणाला. माझा जळफळाट झाला, कारण फोटो खरंच सुंदर होता.

गेल्या वर्षी आई गेली. फोटो मोठा करायला मी भावाकडंच पाठवला, ही माझी अक्कल. तेराव्याला मंडपात शिरलो. हार घातलेल्या फ्रेममध्ये एकेक सुरकुती कोरून काढलेली, ओठांवर कडक रेघ, डोळे कुण्या भलत्याच बाईचे.

"लई धुरकट होता. साफ केला," भाऊ म्हणाला. चारचौघांत, शाबासकीच्या आशेनं.

पाहुणे हात जोडत होते. मी त्या बाईला हात जोडले नाहीत. पंगतीत तिच्याकडं पाठ करून बसलो, आणि भाऊ वाढायला आला तेव्हा ताटावर आडवा हात धरला.